लाल रंग एक, रसायने तीन



जेवताना सदऱ्यावर वरणाचा थेंब सांडला की पिवळा डाग पडतो. तो घालवण्यासाठी आई त्यावर साबण चोळते आणि पिवळा डाग जाण्याऐवजी तांबडालाल होतो! भरपूर पाण्याने खळबळला की तो पुन्हा पिवळा दिसू लागतो. ही गंमत तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. आपल्याकडचे कुंकू हे याच गमतीतून निर्माण झाले आहे, हे मात्र सर्वांना ठाऊक नसते.

आता थोडे तुळजापूरला जाऊ या. धाराशिव जिल्ह्यातल्या, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, विद्यार्थ्यांना तुळजापूर नवे नाही. भवानीच्या दर्शनाला जाताना वाटेवर दोन्ही बाजूंना हळदी-कुंकवाची दुकाने लागतात. परातींतून आणि पाट्यांतून कुंकवाचे ढीग मांडलेले असतात. नीट पाहिले तर प्रत्येक ढिगाचा रंग वेगळा दिसेल. एखादा विटकरी, एखादा डाळिंबी, एखादा शेंदरी, तर एखादा इतका भडक की नजर ठरत नाही. यांपैकी कोणते कुंकू घ्यावे? बहुतेक गिऱ्हाइके सर्वांत भडक ढिगाकडे बोट दाखवतात.

हे बोट दाखवण्यापूर्वी त्या लाल रंगाची चौकशी करावी, एवढ्यासाठी हा पाठ आहे. रंग दिसायला एकच असला, तरी तो तीन अगदी वेगवेगळ्या रसायनांपासून आलेला असू शकतो. त्यांतले एक स्वयंपाकघरातले आहे, दुसरे कारखान्यातले आहे आणि तिसरे विष आहे.

पहिला लाल : हळदीचा

हळदीत कर्क्युमिन नावाचे रंगद्रव्य असते. आम्ल पदार्थात ते पिवळे राहते. अल्कधर्मी पदार्थ, उदाहरणार्थ साबण, धुण्याचा सोडा किंवा चुना, भेटला की त्याच्या रेणूतील हायड्रोजनचे काही अणू निघून जातात. त्यामुळे रेणू प्रकाश निराळ्या रीतीने शोषू लागतो आणि आपल्याला तो लाल दिसतो. प्रयोगशाळेतला लिटमस जे काम करतो तेच हळद करते. ती एक नैसर्गिक दर्शक आहे.

पूर्वापार पद्धतीत कुंकू हळदीपासूनच करतात. हळदीला चुन्याची, किंवा लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांची प्रक्रिया देतात, मग ती वाळवून दळतात. टाकणखारात बोरॉन हे मूलद्रव्य असते. आम्लाच्या सान्निध्यात कर्क्युमिन आणि बोरॉन यांचे एक लाल संयुग तयार होते. रसायनशास्त्रज्ञ बोरॉन ओळखण्यासाठी हळदीचा कागद वापरतात तो याच गुणामुळे. आपल्या परांडे तालुक्याच्या शेजारी, सोलापूर जिल्ह्यातील करमाळे तालुक्यात केम नावाचे गाव आहे. ते कुंकवासाठीच प्रसिद्ध आहे.

चुन्यावरून येरमाळ्याची आठवण होते. कळंब तालुक्यातल्या येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक रानातली चुनखडी वेचतात. त्या चुनखडीचा खडा हळदीवर घासला तर हळद लाल होईल का? फारशी होणार नाही. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चुनखडी भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसतो, तापतो आणि विरतो. या विरलेल्या चुन्यात हळदीला लाल करण्याचा गुण असतो. म्हणजे पानाच्या डब्यातला चुना हळद लाल करील, पण रानातला खडा करणार नाही.

हळदीच्या कुंकवाचा रंग थोडा मळकट, विटकरी असतो. चुना लावून केलेले कुंकू हवेत उघडे राहिले, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावतो, अल्काचा जोर कमी होतो आणि रंग फिका पडतो. उन्हानेही तो उडतो. बाजारात हाच त्याचा दोष मानला जातो. प्रत्यक्षात तो त्याच्या अस्सलपणाचा एक पुरावा आहे.

करून पाहा

साहित्य : हळद पूड, टिपकागद किंवा पांढरा गाळणकागद, लिंबू, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी, पाणी, तीन-चार वाट्या.

१. अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे हळद कालवा. त्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा.

२. वाटाण्याएवढा चुना पेलाभर पाण्यात ढवळून तासभर स्थिर ठेवा. वर येणारे नितळ पाणी म्हणजे चुन्याची निवळी. हे काम शिक्षकांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करा. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका.

३. एका पट्टीवर निवळीचा, दुसरीवर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा आणि तिसरीवर लिंबाच्या रसाचा थेंब टाका. काय दिसते ते वहीत लिहा.

४. पहिल्या पट्टीवरच्या लाल डागावर आता लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका. रंग परत फिरतो का ते पाहा.

५. घरातले कुंकू चिमूटभर घेऊन ते पेलाभर पाण्यावर अलगद सोडा, ढवळू नका. कर्क्युमिन पाण्यात फारच कमी विरघळते, त्यामुळे हळदीच्या कुंकवाचे पाणी फिके राहते. पाण्यात लगेच गडद लाल किंवा गुलाबी धागे उतरू लागले, तर त्यात पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे, असा अंदाज करता येतो.

६. आणखी थोडे कुंकू कागदावर ओले करून त्यावर लिंबाचा रस टाका. रंग पिवळा झाला, तर त्यात हळद व चुना आहे असे समजा. रंग तसाच राहिला, तर मात्र लगेच निकाल देऊ नका. टाकणखाराचे कुंकूही लिंबाने पिवळे होत नाही.

या प्रयोगाची मर्यादा ध्यानात ठेवा. हळद आहे की नाही आणि पाण्यात विरघळणारा रंग आहे की नाही, एवढेच तो सांगतो. पुढे ज्या शिशाबद्दल वाचाल ते ओळखण्याचा कोणताही भरवशाचा घरगुती उपाय नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील उपकरणच लागते. पाण्याच्या परीक्षेत पास झालेले कुंकू शिसेमुक्त आहे असे कोणी समजू नये.

दुसरा लाल : कारखान्यातला

हळद महाग, तिला वेळ लागतो आणि तिचा रंगही टिकत नाही. त्यामुळे पिष्टाच्या किंवा शंखजिऱ्याच्या पुडीला कृत्रिम रंग चढवून कुंकू म्हणून विकणे सोपे आणि किफायतशीर ठरते. हे रंग खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून बनतात. सर्वच कृत्रिम रंग घातक नसतात, पण कापडासाठी केलेला रंग कपाळासाठी योग्य असेलच असे नाही.

काही रंगांची कातडीला ॲलर्जी होते. कपाळावर कुंकवाच्या जागी खाज सुटते, पुरळ उठते आणि पुढे तिथे काळपट डाग पडतो. त्वचारोगतज्ज्ञांना हा विकार चांगला परिचयाचा आहे. टिकलीचेही असेच आहे. काही टिकल्यांच्या चिकट थरात पॅराटर्शियरी ब्यूटाइल फिनॉल नावाचे रसायन असते. त्याने कातडीतल्या रंगपेशी मरतात आणि टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. घरात कोणाच्या कपाळावर असा डाग दिसला, तर तो कोड आहे म्हणून लपवू नका. आधी टिकली बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

हा दुसरा लाल निदान आपली तक्रार उघड करतो. खाज सुटली की माणूस सावध होतो. तिसऱ्या लालाचे तसे नाही.

तिसरा लाल : शिशाचा

शेंदूर तुम्ही मारुतीच्या मूर्तीवर पाहिला आहे. पारंपरिक शेंदूर हे शिसे आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे. त्याच्या रेणुसूत्रात शिशाचे ३ अणू आणि ऑक्सिजनचे ४ अणू असतात. शिशाचा अणुभार सुमारे २०७ आणि ऑक्सिजनचा १६. आता हिशेब करू.

शिसे : ३ × २०७ = ६२१
ऑक्सिजन : ४ × १६ = ६४
एकूण : ६८५

म्हणजे शेंदराच्या वजनात सुमारे ९० टक्के शिसेच असते. १ मिलिग्रॅम शेंदूर, म्हणजे बारीक मिठाच्या दहा-पंधरा दाण्यांच्या वजनाइतका, घेतला तर त्यात सुमारे ९०० मायक्रोग्रॅम शिसे आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांच्या अन्नातील शिशासाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ही लक्ष ठेवण्याची पातळी ठरवली आहे. बोटाला चिकटलेल्या त्या कणांत त्याच्या ४०० पट शिसे असते.

शेंदराचा रंग झगझगीत, न उडणारा आणि स्वस्त. म्हणून तो किंवा शिशाची दुसरी संयुगे लाल-केशरी पुडींत मिसळण्याचा मोह होतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिंदुराच्या ११८ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतले ९५ नमुने न्यू जर्सीतील दुकानांतले आणि २३ मुंबई व दिल्ली येथील होते. बहुतेक नमुन्यांत थोडे तरी शिसे सापडले. भारतातून घेतलेल्या नमुन्यांपैकी दर पाचांतील सुमारे दोनांत ते ग्रॅमला २० मायक्रोग्रॅम या अमेरिकेतील मर्यादेपेक्षा जास्त होते. तीन नमुन्यांत तर ग्रॅममागे १०,००० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे निघाले. ही तपासणी सिंदुराची होती, तुळजापूरच्या किंवा केमच्या कुंकवाची नव्हे. म्हणून तिच्यावरून आपल्या कुंकवाबद्दल निकाल देता येणार नाही. भडक लाल पुडीत काय असू शकते, एवढे मात्र ती दाखवते. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यास भारतीय कायद्यानेही मनाई आहे.

शिसे शरीरात शिरते कसे?

येथे एक गैरसमज दूर करू. अखंड कातडीतून असे शिसे फारच थोडे आत जाते. मग कपाळावरच्या पुडीची भीती कसली? भीती आहे ती बोटांची. कपाळावरचे कुंकू घामाने ओघळते आणि हाताने पुसले जाते. त्याच हाताने भाकरी थापली जाते, प्रसाद वाटला जातो, तान्ह्या मुलाला भरवले जाते. मूल आईच्या कपाळाला हात लावते आणि बोट तोंडात घालते. यात्रेत मळवट भरलेल्या कपाळावरून आणि उधळलेल्या पुडीतून बारीक धूळ उडते, ती नाकावाटे आत जाते. तोंड आणि नाक ही शिशाची दोन दारे आहेत.

लहान मुलांना धोका जास्त का? प्रौढ माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग रक्तात उतरतो. लहान मुलांत मात्र जवळजवळ निम्मा उतरू शकतो. शिवाय मेंदू घडण्याचे वय तेच असते.

शिशाची खोड अशी, की ते शरीराला फसवते. त्याच्या आयनावर कॅल्शियमच्या आयनाप्रमाणेच दोन धन प्रभार असतात. म्हणून शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेते आणि हाडांत साठवते. रक्तातले शिसे काही आठवड्यांत कमी होते, पण हाडांतले दशकानुदशके राहते. गरोदरपणी बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते, त्याच्याबरोबर जुने शिसेही निघून बाळापर्यंत पोहोचते. रक्त तयार करणाऱ्या विकरांच्या कामात शिसे अडथळा आणते, त्यामुळे पांडुरोग होतो. मेंदूत ते पेशींमधील संदेशांचा घोटाळा करते. अभ्यासात लक्ष न लागणे, लक्षात न राहणे, चिडचिड एवढीच लक्षणे दिसतात, किंवा काहीच दिसत नाही. अशा मुलाला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक आहे असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये दिलेल्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांपैकी एकाच्या, रक्तात शिशाचे प्रमाण काळजी करण्याजोगे आहे.

शिसे हटवता येते

हे वाचून घाबरण्याचे कारण नाही. शिशाविरुद्धच्या लढाया माणसाने जिंकल्या आहेत. एके काळी पेट्रोलमध्ये शिसे घालत असत. भारतात २००० साली ते देशभर बंद झाले. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरवणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले.

सर्वांत बोधप्रद उदाहरण बांगलादेशाच्या हळदीचे आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथे मोठा पूर आला, हळद भिजली आणि काळवंडली. ती खपावी म्हणून काहींनी हळकुंडांना लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळला. गिऱ्हाइकांना त्या झळाळीची सवय लागली आणि पूर ओसरल्यावरही प्रथा चालूच राहिली. गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे कोठून येते याचा शोध घेताना संशोधकांना हळदीचा माग लागला. त्यांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारने वृत्तपत्रांतून लोकांना सावध केले, बाजारात हजारो सूचनापत्रे लावली, ढाक्याच्या घाऊक बाजारात तपासणी करून व्यापाऱ्यांना दंड केला. २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. फक्त दोन वर्षे लागली.

या गोष्टीत विष मिसळणारा दोषी आहेच. पण त्याला ते मिसळावेसे वाटले, कारण गिऱ्हाईक झळाळीला भाव देत होते. आपण मळकट हळद आणि विटकरी कुंकू आनंदाने विकत घेऊ लागलो, तर भडकपणाला भाव उरणार नाही.

घरात काय कराल?

१. कुंकू घेताना भडकपणा हा गुण मानू नका. करणारा आणि त्यातील घटक माहीत असलेले, हळदीचे कुंकू मागा. पाकिटावर ‘केवळ पूजेसाठी’ असे छापले असेल, तर ते कपाळाला लावू नका.

२. शेंदूर देवाला वाहिला तरी कपाळाला, विशेषतः लहान मुलांच्या, लावू नका. तो उघड्या वाटीत ठेवू नका आणि तापवू तर मुळीच नका.

३. कुंकवाचा करंडा स्वयंपाकाच्या ओट्यापासून दूर, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

४. कुंकू लावल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते हे खरे, पण या कामाला तांब्याभर पाणी पुरते. साबण चोळण्यावर भर द्या.

५. देवघर कोरड्या झाडूने झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके वेगळे ठेवा.

६. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे, शिसे वितळवण्याचे काम घरी किंवा अंगणात होऊ देऊ नका. घरातले कोणी असे काम करत असेल, तर त्याने कामाचे कपडे बदलूनच मुलाला जवळ घ्यावे.

७. पोट रिकामे असेल आणि आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल, तर शिसे जास्त शोषले जाते. दूध, तीळ, शेवग्याचा पाला, हरभऱ्याची आणि करडईची भाजी, वर लिंबू पिळलेली डाळ असा आपला साधा आहारच येथे उपयोगी पडतो. आहाराने शिसे आत शिरणे कमी होते, पण आत गेलेले निघत नाही, हेही लक्षात असू द्या.

८. संशय असेल तर रक्ततपासणी करता येते. शिसे काढण्याची औषधे आहेत, पण ती डॉक्टरांनीच द्यायची असतात. घरगुती काढे करत बसू नका.

कुंकू टाकून द्या, असे या पाठात कोठेही म्हटलेले नाही. केलेल्या प्रयोगाची पट्टी आईला, आजीला दाखवा. वरणाचा डाग आणि कपाळावरचे कुंकू यांचे नाते त्यांना समजावून सांगा. पुढच्या वेळी दुकानात विटकरी ढिगाकडे त्यांचेच बोट वळेल.

विचार करा

१. चुनखडी हळदीला लाल करत नाही, पण विरलेला चुना करतो. असे का?

२. एका पुडीत ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम शिसे आहे. ती १ मिलिग्रॅम पोटात गेली तर किती शिसे जाईल? शेंदराच्या उत्तराशी तुलना करा.

३. कुंकवाच्या एका नमुन्याने पाण्याला रंग दिला नाही आणि लिंबानेही ते पिवळे झाले नाही. यावरून काय काय शक्यता संभवतात?

शिक्षकांसाठी : वर्गात फक्त हळद, चुन्याची निवळी, सोडा आणि लिंबू वापरावे. शेंदूर वर्गात आणू नये. कोणतीही रंगीत पूड चाखू अगर हुंगू देऊ नये. मुलांकडून घरातील रंगीत पुडींची यादी करून घ्यावी आणि प्रत्येकीपुढे ‘घटक माहीत आहेत’ किंवा ‘माहीत नाहीत’ असे लिहून घ्यावे. दुसऱ्या रकान्याची लांबी पाहिली की चर्चेला विषय शोधावा लागणार नाही.